काळजीचा रकाना

खोली बघायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी नाव विचारायच्या आधी माझा हात मागितला. मला वाटलं हस्तांदोलन. मी हात पुढे केला, तर त्यांनी तो उलटा करून मनगटावर दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. "गार आहे," म्हणाले. "पण ऑक्टोबर आहे आणि तू स्टेशनपासून चालत आलायस. नॉर्मल." मग नाव विचारलं.

रीडिंग स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर, एकसारख्या लाल विटांच्या घरांच्या रांगेत त्यांचं घर होतं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी निरोप टाकला होता: एक खोली देणे आहे, मराठी माणूस हवा, सांगितलेलं ऐकणारा हवा. मला पुण्याहून येऊन तीन आठवडे झाले होते. मोटरवेलगतच्या एका ऑफिसात नोकरी होती, मुक्काम हॉटेलात होता आणि थंड सँडविचनी जीव विटला होता. कुणाचंही काहीही ऐकायची माझी तयारी होती.

घर मात्र हॉटेलपेक्षा गार. डॉक्टर एका ब्रिटिश सरकारी हॉस्पिटलात चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ होते. ऑपरेशन थिएटरातल्या गारव्याची त्यांना इतकी सवय झाली होती की गरम खोलीत आपलं डोकं चालत नाही, असं ते सांगत. स्वयंपाकघरातसुद्धा मफलर. रेडिएटर जेमतेम कोमट. "वरती तुझ्या खोलीत हवं तेवढं तापमान ठेव," ते म्हणाले. "खाली माझं राज्य." मग मला मागच्या एका बंद दाराशी घेऊन गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आता पेशंटला भेट."

घरात कुणी आजारी आहे म्हणून मी चेहरा तसा करून आत गेलो. आत पुण्यातला एप्रिल होता. कोपऱ्यात हीटर, टेबलावर काचेची मोठी पेटी, पेटीत एक चाक, एक लाकडी घरटं आणि घरट्यात मुठीएवढा काट्यांचा गोळा. मी वाकून बघितलं तर गोळ्याने कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो तसा आवाज केला.

"साळिंदर?" मी विचारलं.

त्यांच्याकडे येणारा प्रत्येक मराठी माणूस हे विचारायचा आणि प्रत्येकाला तेच उत्तर मिळायचं. "साळिंदर कुत्र्याएवढं असतं आणि शेतातला भुईमूग उकरून खातं. हा हेजहॉग. मूळचा आफ्रिकेतला. चारशे दहा ग्रॅम."

नातीने हट्ट धरला म्हणून मुलीने तो विकत घेतला होता. तो दिवसभर झोपतो आणि हात लावला की फुसफुसतो हे कळल्यावर नातीचा हट्ट आठवड्यात संपला. मग "बाबा, दोन वीक्स ठेवा" म्हणून तो इकडे आला. त्याला तीन वर्षं झाली होती. डॉक्टरांनी त्याचं नाव ठेवलं नव्हतं. पेशंटला नाव असतं ते फाइलवर, आपल्यापुरता तो पेशंट, असं त्यांचं म्हणणं.

फाइल मात्र होती. जाड पुठ्ठ्याची, रेघी वही. प्रत्येक पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केलेले. डावीकडे 'नॉर्मल', उजवीकडे 'काळजीचं'. रोज संध्याकाळी साडेसातला पेशंट जागा झाला की ते त्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवत, पेटीतलं तापमान बघत, काल कोरड्या खाऊचे किती दाणे खाल्ले ते मोजत, चाकावर किती घाण केली तेही बघत आणि लिहीत. 'फुसफुसला: नॉर्मल.' 'गोळा झाला, चार मिनिटांत उलगडला: नॉर्मल.' 'दोन काटे गळाले, मुळाशी त्वचा ठीक: नॉर्मल.' डावा रकाना भरून वाहायचा. उजवा रकाना पानंच्या पानं कोरा असायचा आणि त्या कोऱ्या जागेकडे ते असे बघत की जणू तीच त्यांची कमाई.

पहिल्या आठवड्यात मी एकदा घाबरून त्यांना ओरडून बोलावलं. रविवार होता, मी वांगी केली होती. भाजी ढवळता ढवळता पेशंट काय करतोय ते बघायला गेलो आणि धीर करून बोट पुढे केलं. त्याने ते हुंगलं, चाटलं, चावायला घेतल्यासारखं केलं आणि एकदम त्याच्या तोंडाला फेस आला. मान वेडीवाकडी वळवून तो फेस तो स्वतःच्या पाठीवरच्या काट्यांना फासायला लागला. एका बाजूला कलंडला, उठला, परत फासायला लागला. आपल्याकडे तोंडाला फेस म्हटलं की एकच अर्थ. मी ओरडलो, "डॉक्टर, हा पिसाळलाय! मला चाटलंय त्यानं!"

डॉक्टर सावकाश आले. माझं बोट नाकाशी धरलं आणि हसले. त्यांना मी इतकं हसताना परत पाहिलं नाही.

"गोडा मसाला," ते म्हणाले. "अरे, पॅनिक होऊ नकोस. नवीन वास भेटला की हे असं करतात. चावतात, फेस काढतात आणि तो वास अंगाला लावून घेतात. का, ते कुणालाच नीट माहीत नाही. लिही, नॉर्मल."

"तुमच्या हाताला पण करतो?"

"पहिल्या महिन्यात करायचा. आता नाही." ते त्याच्याकडे बघत होते. "तीन वर्षांत मी त्याला जुना झालोय."

त्या वाक्याचा मला तेव्हा नुसता गंमत म्हणून अर्थ लागला. पुढे त्यांच्याबरोबर जेवताना एकेक ऐकत गेलो तेव्हा कळलं, की कुणाला तरी जुनं होणं ही त्यांच्या आयुष्यात फार घडलेली गोष्ट नव्हती. "सर्जनला पेशंट दिवाळीला मिठाई पाठवतात," ते सांगायचे. "मला कोण पाठवणार? माझा चेहरा त्यांना दिसतो तो मास्कच्या वर, अर्धा, दहापासून उलटे आकडे मोजायला सांगतो तेवढ्यापुरता. सातच्या पुढे कुणी गेलं नाही. पेशंटनं मला विसरणं म्हणजे माझं काम चोख झालं." हॉस्पिटलातून निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना एक केक आणि एक कार्ड मिळालं होतं. कार्डावर त्यांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. त्यांनी ते कार्ड अजून फ्रिजवर लावून ठेवलं होतं, लोहचुंबकाखाली, चुकलेल्या नावासकट.

बायकोबद्दल ते एकदाच बोलले, डाळीला फोडणी देता देता, माझ्याकडे पाठ करून. त्या सहा वर्षांपूर्वी गेल्या. झोपेत गेल्या, ह्यांच्या शेजारी. "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या झोपेवर पहारा केला. श्वास जरा बदलला की मला कळायचं, मशीन बोलायच्या आधी. आणि घरात मी घोरत होतो." एवढं बोलून त्यांनी गॅस बारीक केला आणि मीठ किती घालू विचारलं. मी म्हणालो, थोडं कमीच. त्या दिवसापासून त्या वहीला मी मनातसुद्धा हसलो नाही.

तशी हसायला जागा पुष्कळ होती. दिवाळीला मंडळातल्या सात-आठ बायका फराळ घेऊन आल्या. एकटे असतात बिचारे, म्हणून आल्या. त्यातल्या एका काकूंनी डॉक्टरांची पाठ वळल्यावर पेशंटपुढे बशीभर दूध ठेवलं. मुकं जनावर, सणाचा दिवस. दूध त्याला पचत नाही. डॉक्टरांनी ती बशी बघितली आणि हॉलच्या मधोमध उभं राहून विचारलं, "किती प्यायला? मिलिलिटरमध्ये सांगा." काकू म्हणाल्या, "अहो डॉक्टर, चमचाभर असेल, लेकरू आहे ते." डॉक्टर म्हणाले, "त्याच्या वजनाला चमचाभर म्हणजे तुम्हाला एक बादली. प्याल?" पुढच्या दिवाळीला कुणी आलं नाही. तीन दिवस पेशंटला हिरवे जुलाब झाले आणि उजव्या रकान्यात मी पहिल्यांदा अक्षरं पाहिली. ते तीन दिवस डॉक्टर त्या खोलीत खुर्ची टाकून जेवले.

मी मात्र त्या वहीत गेलोय हे मला जानेवारीत कळलं. इथला पहिला जानेवारी ज्याने एकट्याने काढलाय त्याला सांगायला नको. चार वाजता अंधार. ऑफिसात दिवसभर बोलायचं ते कॉलवर, आणि शेजारी बसणारा माणूस रोज "यू ऑलराइट?" विचारून उत्तराआधी पुढे जायचा. त्यात पुण्यात जिच्याशी लग्न ठरल्यात जमा होतं तिने नको म्हणून कळवलं. मी दोन शनिवार-रविवार अंथरुणातून उठलो नाही. तिसऱ्या शनिवारी दुपारी दार वाजलं. डॉक्टर, हातात थर्मामीटर.

"पोट गार आहे का?"

"काय?"

"पोटावर हात ठेव. गार आहे का?" मी ठेवला. नव्हतं. "मग ऊठ. आणि ऐक, उभं राहून ऐक. बाहेर बागेत जो गावठी हेजहॉग येतो ना, तो थंडी पडली की झोपतो आणि मार्चमध्ये उठतो. ते त्याच्या घराण्यात आहे. आपला पेशंट गरम देशातला. खोली थंड पडली की ह्यालाही वाटतं आपण झोपावं. जमेल असं वाटतं. पण ते त्याला येत नाही. तो झोपला की उठत नाही." थांबून म्हणाले, "खाली पिठलं केलंय. आधी वजन."

मला त्यांनी खरोखर बाथरूममधल्या काट्यावर उभं केलं. मग पिठलं, भात, वर कच्चा कांदा. जेवताना वही उघडी होती आणि मागच्या एका पानावर 'वरची खोली' असा मथळा घालून लिहिलेलं मी वाचलं: 'दार आपटतो: नॉर्मल. आईशी फोनवर खोटं बोलतो, जेवलो म्हणून: नॉर्मल. बाहेर पडताना सगळी बटणं बंद करतो, दोनदा तपासतो: नॉर्मल.' आणि उजवीकडे, 'दोन रविवार पडून. फोडणीचा वास नाही.' माझ्या घरच्या माणसांखेरीज कुणी माझ्याकडे इतकं लक्ष दिल्याचं मला आठवत नव्हतं. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो, कारण डोळे भरून आले होते.

बटणांचं ते खरं होतं. आमच्या पुण्याच्या घरात बाहेर पडताना वडील सगळ्यांच्या शेवटी निघायचे आणि प्रत्येक खोलीतलं प्रत्येक बटण बंद करायचे. टीव्ही, मिक्सर, गिझर. फ्रिज तेवढा वाचायचा. ती सवय मी इथे घेऊन आलो होतो. केटल, टोस्टर, दिवे, एक्स्टेन्शन, हात आपोआप फिरायचा. आपण काय बंद केलं ते हाताला माहीत असायचं, मला नसायचं.

आता मुलीबद्दल सांगायला हवं. ती मिल्टन कीन्सला राहायची, महिन्यातून एका रविवारी गाडी घेऊन यायची, दोन तास बसायची. मी राहायला आल्यावर दोन दिवसांनी तिचा मला फोन आला होता.

"हाय, मी त्यांची डॉटर. बाबा विअर्ड आहे, ते नॉर्मल आहे. पण लिसन, लास्ट इयर तो गॅसचा हॉब चालू ठेवून झोपला. मी त्याला सांगितला आहे, अजून एक इन्सिडंट झाला की दॅट्स इट. घर विकायचा आणि माझ्या जवळ केअर होममध्ये. तिथे पेट्स अलाउड नाही. सो तो खूप अपसेट झाला. तू प्लीज लक्ष ठेव. काही वरीइंग वाटला तर मला मेसेज कर, ओके?"

मी ओके म्हणालो. डॉक्टरांना ह्या फोनची कल्पना होती. "हेर आहेस तू," ते एकदा शांतपणे म्हणाले. "हरकत नाही. फक्त निदान बरोबर कर." तेव्हापासून आम्हा दोघांनाही माहीत होतं की त्या घरात आणखी एक चूक झाली तर डॉक्टरांचं घर जाणार आणि पेशंटही. डॉक्टर पावलं मोजून टाकायला लागले. हॉब बंद केल्याची वहीत वेगळी नोंद व्हायला लागली, वेळेसकट. पुढचं जवळपास दीड वर्ष सगळं नॉर्मल गेलं.

दुसऱ्या फेब्रुवारीतली गोष्ट. बर्फ पडलं नव्हतं पण पडलं असतं तर बरं, अशी कोरडी थंडी होती. डॉक्टरांना सकाळी डोळ्यांच्या तपासणीला जायचं होतं. ते आठला गेले, मी नऊला निघालो. चार्जर सापडेना. आदल्या संध्याकाळी पेशंटच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो, तिथे असणार म्हणून गेलो. हीटरच्या एक्स्टेन्शनलाच तो लावलेला होता. ओढून काढला, बॅगेत टाकला, दार नीट लावून घेतलं, धावत बस पकडली.

डॉक्टर दुपारी आले. डोळ्यांत औषध घातल्यामुळे दिसत नव्हतं, म्हणून ते आपल्या खोलीत जाऊन पडले. एरवी बाहेरून आल्यावर ते आधी पेशंटकडे जायचे. त्या दिवशी पाच वाजता गेले. पेटीतल्या थर्मामीटरचा काटा तेरावर होता. पेशंट गोळा होऊन पडला होता, पोट गार, उचलला तर फुसफुसला नाही. फुसफुसला नाही हे त्यांनी मला नंतर तीनदा सांगितलं.

गारठलेल्याला एकदम ऊब द्यायची नसते, सावकाश द्यावी लागते. त्यांनी हीटर लावला, सदऱ्याची बटणं काढली, बनियनच्या आत पोटाशी त्याला धरलं आणि खुर्चीत बसले. तासाभराने गरम पाण्याची पिशवी भरायला म्हणून उठले, आणि मधल्या बोळात, अंधारात, डोळ्यांना धड दिसत नसताना पडले.

मी साडेसातला आलो तेव्हा ते फरशीवर उताणे होते. दोन्ही हात पोटावर, ओंजळ केलेली. पडताना त्यांनी हात टेकले नव्हते. टेकले असते तर खुब्याचं हाड वाचलं असतं असं हॉस्पिटलात म्हणाले. बनियनवर बारीक बारीक रक्ताचे ठिपके होते, काट्यांचे. मी मोठ्याने काहीतरी ओरडलो. ते दातओठ खात म्हणाले, "आवाज कमी. उघडला आहे. आत्ताच नाक बाहेर काढलं त्याने. आधी ह्याला घे, वजन कर, मग ॲम्ब्युलन्स."

मी ॲम्ब्युलन्स आधी बोलावली. मग पेशंटला त्याच्या खोलीत नेलं. हीटर भकाभका चालू होता. एक्स्टेन्शनवर चार बटणं, त्यातलं हीटरचं एकच चालू, बाकी तीन बंद. आणि तेव्हा माझ्या हाताला आठवलं. सकाळी चार्जर ओढल्यावर तो एका झटक्यात चारही बटणांवरून फिरला होता, केटल आणि टोस्टरवरून फिरतो तसाच. पेशंटला पेटीत ठेवून मी बोळात परत गेलो.

मी फोनवर घडलेलं सांगितलं आणि मुलगी दीड तासात हॉस्पिटलला पोचली. ट्रॉलीवर पडलेल्या बापाला तिने पहिलं विचारलं, "हीटर ऑफ कसा झाला?"

डॉक्टर छताकडे बघत होते. "मीच केला असेन. विसरलो."

ती मला बाजूला घेऊन गेली. रडत होती. "ट्रूथ सांग. बाबा विसरायला लागला आहे का?"

माझ्याकडे एक सरळ वाक्य होतं: बटण मी बंद केलं. मी ते बोललो नाही. का बोललो नाही ह्याची मी पुढे पुष्कळ कारणं शोधली, ती सगळी नंतरची. त्या क्षणी मला फक्त भीती वाटली, तिच्या नजरेची. "थोडंसं," मी म्हणालो. "हल्ली."

एवढंच. दोन शब्द. त्या दोन शब्दांवर एप्रिलमध्ये घराच्या दारात विक्रीची पाटी लागली.

डॉक्टर त्या घरी परत आलेच नाहीत. हॉस्पिटलातून व्यायामाच्या वॉर्डात, तिथून केअर होममध्ये. पेशंट माझ्याकडे आला, वहीसकट. वहीत चार पानं सूचना होत्या, मुलीकडून लिहून घेतलेल्या, तिच्या इंग्रजी अक्षरात, आणि खाली त्यांच्या थरथरत्या मराठीत एक ओळ: 'चोवीस अंश. बटणाला टेप लावणे.' ती ओळ मी शंभरदा वाचली असेल. टेप लावली.

मी स्टेशनजवळ एक छोटा फ्लॅट घेतला. दर रविवारी सहा वाजता त्यांना फोन करायचा, असं ठरलं नव्हतं पण झालं. मी वही वाचून दाखवायचो. वजन, दाणे, चाक. ते ऐकायचे, मधेच "किती वेळात उलगडला?" विचारायचे. स्वतःबद्दल काही विचारलं तर "जेवण वेळेवर असतं," म्हणायचे. तिथे चार वाजता चहा आणि पाचला रात्रीचं जेवण असायचं, आणि शेजारच्या खोलीतले गृहस्थ त्यांना रोज नव्याने स्वतःची ओळख करून द्यायचे. फोन ठेवायची वेळ आली की दोघंही थोडे थांबायचो. मला वाटायचं आता सांगावं. मग ते म्हणायचे, "ठीक आहे मग," आणि फोन बंद.

जूनमध्ये मुलीने होमच्या मॅनेजरला विचारून परवानगी काढली. आत नाही, बागेत चालेल, अर्धा तास. मी गाडी भाड्याने घेतली, पेशंटच्या डब्याखाली गरम पाण्याची पिशवी ठेवली, आणि मिल्टन कीन्सच्या त्या न संपणाऱ्या राउंडअबाउटांतून एकाभोवती दोनदा फिरून पोचलो.

डॉक्टर बाकावर बसले होते, शेजारी वॉकर. खूप वाळले होते. मफलर तोच. माझा हात मागितला, मनगटावर बोटं ठेवली. घड्याळ समोर नव्हतं, तरी पूर्ण मोजलं. "फास्ट आहे," म्हणाले. "काय झालं?"

"डॉक्टर, ते बटण त्या दिवशी…"

"चार," ते म्हणाले.

"काय चार?"

"चारही बटणं बंद होती. मी विसरून बंद केलं असतं तर एक केलं असतं. चार बंद करून बाहेर पडणारा माणूस त्या घरात एकच होता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलून हाड जोडलं असतं?" ते बागेकडे बघत होते. तिथे एक बाई एकटीच गुलाबाला पाणी घालत होती. "त्या हिवाळ्यात मी दोनदा जिन्यात पडलो होतो. तुला सांगितलं नाही. वहीत लिहिलं नाही. मीही एक रकाना कोराच ठेवला होता." मग म्हणाले, "बटणाचं काही नाही रे. हात आहे, चुकतो. पण मी विसरतो असं तू म्हणालास, ते तिनं मला सांगितलं. त्याचं वाईट वाटलं. फार वाटलं."

मी सॉरी म्हणालो. तो शब्द त्या बागेत इतका लहान वाटला की मी परत म्हणालो. त्यांनी मान हलवली, ना होकाराची ना नकाराची. "रविवारचा फोन करत जा," म्हणाले. "दाखव आता त्याला."

मी डब्यातून पेशंटला काढून त्यांच्या ओंजळीत ठेवलं. तो गोळाच होता. डॉक्टरांनी ओंजळ किंचित वरखाली केली. "चारशे तीस." सकाळी काट्याने चारशे अठ्ठावीस दाखवलं होतं. त्यांचा चेहरा उजळला, तीच ती खुर्ची आणि तोच तो उबदार कोपरा असल्यासारखे ते वाकून बसले. "उलगडेल. घाई करू नको."

तीन-चार मिनिटांत काटे खाली बसले. आधी नाक आलं, मग डोळे. पेशंटने त्यांचा अंगठा हुंगला. खूप वेळ हुंगला. मग चाटला. मग दातात धरल्यासारखं केलं, आणि त्याच्या तोंडाला फेस आला. मान वळवून तो डॉक्टरांच्या अंगठ्याचा वास पाठीवरच्या काट्यांना फासायला लागला.

आम्ही दोघंही बघत होतो. मला ते थांबवता आलं असतं तर मी काहीही दिलं असतं.

"साबण असेल," मी म्हणालो. "इथला साबण वेगळा असेल, डॉक्टर."

"साबण नाही."

त्यांनी हात मागे घेतला नाही. अंगठा तसाच पुढे धरून ठेवला, त्याला लागेल तेवढा वास घेऊ दिला, पाठीच्या दुसऱ्या बाजूला पोचता यावं म्हणून ओंजळ जराशी कलतीही केली. पेशंटचं झालं. तो त्यांच्या मनगटाशी वाकडा होऊन बसला.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"तीन मिनिटं."

"लिही."

मी वही उघडली, पेन काढलं आणि रेघेवर हात थांबला. कुठल्या रकान्यात, ते विचारायचं मला धाडस होईना.

"नॉर्मल," डॉक्टर म्हणाले. "नवीन माणूस भेटला की तो असं करतो."